बघून सांगतो

सोमवार, ४

नव्या ऑफिसात चहाचे सहा कप आहेत आणि सहाही सगळ्यांचे. आज एक उचलला तर कडेला कुणाच्या तरी ओठांची वाळलेली खूण. धुतलेल्या कपावर. म्हणजे धुणाऱ्याने त्याला पाणी दाखवलं आणि पालथा घातला. मला जे उमळून आलं ते दुपारच्या डब्यापर्यंत गेलं नाही. सामायिक वस्तूचं हेच असतं. सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही, आणि कुणाची नाही म्हणून घाण. उद्यापासून माझा कप माझ्या बॅगेत.

बॅगेत माझं सगळं असतं. साबण, नॅपकिन, पेन, स्क्रूड्रायव्हर, बाबांच्या गोळ्यांची एक जादा स्ट्रिप. ज्याला ऐनवेळी दुसऱ्याच्या कपाटात हात घालावा लागतो तो तयारीचा माणूस नव्हे.

कामाचं लिहितो. लांब पल्ल्याच्या बसगाड्यांची तिकिटं विकणारा आमचा प्रोग्रॅम माझा आहे. मी एकट्याने लिहिला. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. टाइपरायटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर उघडायला लागलो आणि बाकीचं रद्दीच्या भावात घेतलेल्या जाड पुस्तकांतून. कुठल्या गाडीतली कुठली सीट रिकामी आणि कुठली गेली, हे तो डेटाबेसमधून एकदा वाचून घेतो आणि स्वतःच्या मेमरीत ठेवतो. गिऱ्हाइकाने विचारलं की जागच्या जागी उत्तर. विकलेल्या सीटा मेमरीत लगेच खोडतो आणि डेटाबेसात थोड्या थोड्या वेळाने एकदम लिहितो. दर वेळी डेटाबेसचं दार वाजवायला नको. या जवळ ठेवलेल्या प्रतीला कॅश म्हणतात. ही कॅश मी दागिन्यासारखी घडवली आहे. इतक्या वर्षांत एक सीट चुकली नाही.

आता गर्दी वाढली म्हणून मालकांनी मोठं मशीन घेतलं आणि नवी मुलगी ठेवली. डिग्रीवाली. मी तिला पदवीधर म्हणतो. तिने आल्या आल्या माझ्या प्रोग्रॅमच्या चार प्रोसेस सुरू केल्या. म्हणजे तोच प्रोग्रॅम एकाच वेळी चार जागी उभा, चार खिडक्यांसारखा. गिऱ्हाईक कुठल्याही खिडकीवर जाईल. चालू दे. माझ्या कोडला चार खिडक्या जड नाहीत.

तिची एक सवय मात्र डोक्यात जाते. काहीही विचारा, म्हणते, "बघून सांगते, सर." स्वतः कालच लिहिलेल्या ओळीबद्दल विचारलं तरी बघून सांगते. ज्याला काम येतं तो बघत नाही, सांगतो.

मंगळवार, ५

बाबांची सकाळ माझ्याकडे, दुपार धाकटीकडे, संध्याकाळ मधल्याच्या बायकोकडे. आई गेल्यावरही बाबा आपल्या दोन खोल्या सोडायला तयार नाहीत, आणि आम्ही तिन्ही भावंडं हाकेच्या अंतरावर, म्हणून अशी वाटणी.

हृदयाची झडप बदलल्यापासून त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, कमी पडली तर गाठ होईल, जास्त झाली तर आतून रक्त जाईल. अशी गोळी काही कुणाच्याही हाती सोडायची नाही. म्हणून ती पहिल्यापासून सकाळची, म्हणजे माझी. चहानंतर एक अख्खी. मला झोपेतून उठवून विचारा.

आज गेलो तर ओट्याच्या वरच्या फळीवर प्लॅस्टिकचा एक डबा. रोजचे तीन तीन खण, पोरांच्या रंगपेटीसारखा. धाकटीचा उपद्व्याप. झाकणाला कुणाचा तरी तेलकट अंगठा लागलेला. मी फोन केला.

"हे काय खेळणं आणलंस?"

"अरे दादा, बरं झालं फोन केलास. बाबांची ब्लड टेस्ट झाली ना, तर डॉक्टरांनी—"

"मला पाठ आहे सगळं."

"ऐकून तर घे. ग्रुपवर लिहिलंय मी, तू ग्रुपवर नाहीस, म्हणून—"

ग्रुपचं नाव काढू नकोस म्हणालो आणि ठेवला. घरच्या त्या ग्रुपवर रोज सकाळी फुलं, सुविचार आणि कुणाकुणाचे पाय सुजल्याचे फोटो. काकांनी नव्या कवळीचा फोटो टाकला, तोही तोंडाबाहेर काढलेल्या कवळीचा, त्या दिवशी मी बाहेर पडलो. परत जाणार नाही.

सकाळच्या खणात बघितलं तर फक्त प्रेशरची गोळी. रक्ताची नाहीच. एवढा डबा आणला, खण भरले, आणि मुख्य गोळी विसरली. मी माझ्या बॅगेतली दिली. तिला बोललो नाही. उगाच तोंड पाडून बसेल.

शुक्रवार, ८

चौदा नंबरची खिडकीची सीट दोघांना विकली गेली.

सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरचा फोन आला तेव्हा मागे नुसता कालवा. एक धिप्पाड गृहस्थ सीटवर बसून उठायला तयार नाहीत आणि एक शिक्षिका तिकीट त्यांच्या नाकासमोर धरून उभ्या. दोघांचीही तिकिटं खरी. ड्रायव्हर मला म्हणतो, "साहेब, आता यांना एकमेकांच्या मांडीवर बसवू का?"

मी लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने आपल्या कामाची ठेवलेली नोंद, काढून बसलो. सीट पहिल्या प्रोसेसने विकली आणि आपल्या मेमरीत खोडली. थोड्या वेळाने तिसरीला विचारलं, तिने आपल्या मेमरीत बघितलं, तिथे चौदा नंबर अजून रिकामा. तिनेही विकला. तिसरी खोटं बोलली नाही. तिच्याकडची माहिती शिळी होती, आणि शिळी आहे हे तिला कळायला मार्ग नव्हता.

शिळं आहे हे न कळता ताटात वाढणं, ह्याच्याइतकं किळसवाणं काही नाही. आणि किती खात्रीने. क्षणाचाही विचार नाही. हे माझ्या कोडमुळे झालं असं पदवीधर म्हणाली नाही, पण पाण्याची बाटली तोंडाला लावून छताकडे बघत राहिली. चार प्रोसेस तिने सुरू केल्या. माझा प्रोग्रॅम एकटा होता तोवर निर्मळ होता.

शनिवार, ९

बाबांच्या दंडावर मोठा निळा डाग. विचारलं तर म्हणाले कुठे लागलं नाही. लागलंच असेल. आरामखुर्चीचे हात लाकडी आहेत. त्यांना टॉवेल गुंडाळला, स्वतःचा धुतलेला.

गोळी हातात घेऊन ते थोडं थांबले. "ही आता संध्याकाळची केली ना रे? सूनबाई अर्धी देते ती."

"ती दुसरी, बाबा. झोपेची असेल."

"बरं. तू म्हणतोस तर." घेतली.

वय झालं की माणसाचा गोंधळ होतो. हेच बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे, उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचायचे. सगळं पाठ. माझं डोकं त्यांच्यावर गेलंय असं आई म्हणायची.

सोमवार, ११

मालकांनी बोलावलं. आत पंख्याखाली बसून काकडी खात होते, टेबलावर बियांचा सडा. मी दाराशीच उभा राहिलो.

"काय निघालं मग?"

"प्रत्येक प्रोसेसची कॅश वेगळी आहे. ती चौघांत वाटून घ्यायला हवी."

त्यांची काकडी थांबली. "कुणाची कॅश? कोण वाटून घेतंय?"

"पैसे नव्हेत हो. आठवण. आठवणीतली प्रत."

"मग आठवण म्हणा ना. माझ्या छातीत धस्स झालं." शिपायासकट सगळे हसले. मी नाही हसलो. मग मालक म्हणाले, सुट्ट्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत हे बंद झालं नाही तर बाहेरच्या कंपनीचा तयार प्रोग्रॅम घेतो. आणि वर, "तुमचा आता जुना झालाय, वाईट वाटून घेऊ नका."

वाईट नाही वाटलं. शिसारी आली.

बाहेर पदवीधर वाट बघत होती. "सर, मी सुचवू का? चौघींच्या मेमरीतलं काढून टाकू. एकच साठवण बाहेर ठेवू, मेमरीतच, वेगळ्या जागी. चौघी तिथेच बघतील, तिथेच लिहितील."

"म्हणजे माझ्या प्रोसेसने दर प्रश्नाला उठून बाहेर जायचं आणि बघून सांगायचं."

"हो. बघून सांगायचं."

"जसं तू सांगतेस."

ती जरा लाजली आणि म्हणाली, "हो, तसंच."

एक सामायिक भांडं, त्यात चौघींचे हात. मी नाही म्हणालो. मी दुसरं करणार आहे. प्रत्येकीची प्रत तिच्यापाशीच राहील. एकीने सीट विकली की तिने बाकी तिघींना निरोप पाठवायचा: चौदा गेली, खोडा. सुटसुटीत. आपलं भांडं आपल्याकडे, फक्त बातमी सगळीकडे.

बुधवार, १३

निरोपांचं काम संपवलं. पन्नास खोटी गिऱ्हाइकं एकदम सोडली, एकही सीट दोनदा गेली नाही. पदवीधरने विचारलं, "सर, निरोप कुणाला मिळालाच नाही तर?"

"का नाही मिळणार?"

"बघून सां—" म्हणाली आणि गप्प बसली. शहाणपण हळूहळू येतं.

बाबांच्या वॉश बेसिनमध्ये गुलाबी थुंकी. ब्रश कडक आहे. हिरड्या सोलवटल्या असणार. बेसिन मीच घासलं, नाक दाबून. मऊ ब्रश आणला.

शनिवार, १६

आज एक किळसवाणी गोष्ट. लिहू की नको असं झालं होतं, पण दैनंदिनीत लपवाछपवी नको.

बाबांनंतर मी संडासात गेलो. पाणी टाकलेलं नव्हतं. काळंकुट्ट, डांबरासारखं, आणि असा वास की मी उंबऱ्यातच वळलो. तोंड फिरवून फ्लश ओढला, एकदा, दोनदा, आणि घरी येऊन अंघोळ केली. मधल्याची बायको त्यांना रक्तवाढीचं कसलं तरी लोहाचं औषध पाजत असणार, त्याने असंच होतं. म्हणे अशक्तपणा वाटतो त्यांना. न विचारता उपचार करतात हे लोक. तिला फोन करून बोलायचं होतं, पण असल्या विषयावर भावजयीशी काय बोलणार? सोडून दिलं.

ही म्हणाली, "अहो, एकदा धाकटीशी नीट बोला. ती तुम्हाला काहीतरी सांगायचं म्हणत होती."

"तिला डब्याचं कौतुक करून हवंय."

"तसं नाही वाटलं मला."

"मग तूच ऐक आणि मला सांग."

"मला म्हणाली, दादालाच सांगायचंय, मधे कुणी नको, चुकेल." आणि ही कपडे वाळत घालायला गेली.

मंगळवार, १९

पुन्हा. बावीस नंबर. या वेळी एका सीटवर एक लग्न ठरलेली मुलगी आणि एक ऑडिटर. ऑडिटरने बसमधूनच मालकांना फोन लावला.

लॉग बघितले आणि माझा संताप संताप झाला. दुसरीने सीट विकली. नियमाप्रमाणे तिघींना निरोप पाठवला. पहिलीने घेतला, चौथीने घेतला. तिसरी तेव्हा स्वतःच्या कामात अडकली होती. निरोप दाराशी आला, तिने दार उघडलं नाही, निरोप गेला. आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हिने छाती काढून सांगितलं, बावीस रिकामी आहे.

पदवीधर तिची बाजू घेते. म्हणे, "सर, तिला निरोप मिळालाच नाही, तर तिची काय चूक?"

मी तिला चांगलं सुनावलं. शब्दाला शब्द लिहून ठेवतो. म्हणालो, बातमी पोचवायला आलेल्याला जी दारातून परत पाठवते, आणि आपल्याकडचं कधीचं आहे याची शंकासुद्धा जिला येत नाही, तिची चूक नाही तर कुणाची? निरोप देणाऱ्याने किती वेळा दार वाजवायचं? न ऐकण्यापेक्षा घाणेरडी गोष्ट म्हणजे न ऐकता एवढ्या खात्रीने बोलणं. असली प्रोसेस मी बंदच करून टाकली असती.

पदवीधर म्हणाली, "तुम्हीच लिहिलीय, सर." उद्धटपणे नव्हे. पण म्हणाली.

बुधवार, २०

उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग. रात्री नाकातून आलं म्हणतात. हवा कोरडी आहे. अभ्रा चिमटीत धरून बादलीत टाकला, हात दोनदा धुतले. बाबा पांढरे दिसतात. चहा अर्धा टाकला. गोळी मात्र घेतली, त्या बाबतीत मी हयगय करत नाही. माझी स्ट्रिप संपत आली, नवी घ्यायला हवी.

गुरुवार, २१

दुपारी ऑफिसात असताना धाकटीचा फोन. बाबा स्वयंपाकघरात खाली बसले ते उठेनात. नाकातून धार.

मी पोचलो तेव्हा त्यांना आत नेलं होतं. बाहेर धाकटी, मधला, मधल्याची बायको. बाकावर कुणी तरी सांडलेलं सरबत वाळलं होतं, मी उभाच राहिलो. डॉक्टरीण बाहेर आली, वयाने पदवीधरएवढीच. तिने विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी कितीची आणि कधी?"

"एक अख्खी, सकाळी चहानंतर," मी म्हणालो.

"अर्धी, संध्याकाळी," मधल्याची बायको म्हणाली.

दोघांचं एकदम आलं. दोघंही तितक्याच खात्रीने. डॉक्टरीण एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे. मला वाटलं, ही बाई चुकतेय, आता हिला कसं सांगावं.

मग धाकटी बोलली. अगदी हळू. "दादा, तू सकाळी देतोस?"

"मग काय. तू डब्यात टाकायला विसरलीस ती."

"विसरले नव्हते. डॉक्टरांनी अर्धी केली. संध्याकाळची केली. तेच सांगत होते तुला फोनवर." मग म्हणाली, "घरातल्या सगळ्या मी डब्यात टाकल्या होत्या. तू आणलीस कुठून?"

मी बॅग उघडली. स्ट्रिप बाहेर काढली. किती दिल्या ते कुणी विचारलं नाही. फुटलेल्या चांदीच्या कागदाचे फुगे ओळीने दिसत होते.

डॉक्टरीण म्हणाली, "म्हणजे दोन्ही. सकाळी एक आणि वर अर्धी." तिने लिहून घेतलं. "शौचाला काळं होत होतं का? कुणी बघितलं?"

तिघंही नाही म्हणाले. मी म्हणालो, "मी बघितलं."

"कधी?"

"शनिवारी."

"मग कुणाला बोलला का नाहीत?"

घाण वाटली म्हणून, असं उत्तर देता येत नाही. मधला भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "दादाला सगळं पाठ असतं." त्यावर त्याची बायको म्हणाली, "अहो, नका आत्ता." तिने माझी बाजू घेतली. ते जास्त लागलं.

शुक्रवार, २२

रक्ताच्या बाटल्या चढवल्या. दुसऱ्या कुणाचं तरी रक्त. अजून धोक्याबाहेर नाहीत म्हणतात.

मंगळवारचं, पदवीधरला सुनावलं ते पान परत वाचलं. वाचून मिटलं.

हिला म्हणालो, "मला कुणी नीट सांगितलंच नाही."

ती चादरीची घडी घालत होती. घडी पुरी केली, हात फिरवला, आणि म्हणाली, "सांगितलं. तिने सांगितलं, मीही सांगितलं. तुम्ही ऐकलं नाहीत." रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

रविवार, २४

रक्त जायचं थांबलं. घास घेतला. डॉक्टरीण पहिल्यांदा हसली.

धाकटीने दारात मला अडवलं. "घराची किल्ली दे दादा. आणि यापुढे गोळ्यांना हात लावायचा नाहीस तू."

"किती दिवस?"

"मला नाही माहीत. मला भीती वाटते तुझी." ती लहान असताना अंधाराला भ्यायची तेव्हा माझा शर्ट धरायची. किल्ली दिली. गरम झाली होती, मी ती खिशात मुठीत धरून बसलो होतो.

बाबांजवळ बसलो. म्हणालो, "तुमचं बरं होतं, बाबा. छापखान्यात सगळं पाठ."

"कोण म्हणालं?"

"आई म्हणायची."

"तिला काय ठाऊक. मी एक ओळ पाठ केली नाही कधी. पाठ असणाऱ्याच्या हातून चुकतं. मूळ प्रतीवर डावं बोट ठेवायचं आणि अक्षर अक्षर बघून लावायचं. शेवटपर्यंत." दम लागला, थांबले. "बोट काळं असायचं बघ माझं. आठवतं?"

आठवतं. त्या बोटाची मला किळस यायची. लहानपणी त्या हाताने भरवलेला घास मी तोंड फिरवून नाकारायचो आणि आईकडे जायचो. शाई धुतली जायची नाही हे मला ठाऊक होतं. ती कशाची होती हे आज कळलं.

सोमवार, २५

लवकर गेलो. पदवीधर आली तेव्हा तिच्या शेजारी खुर्ची ओढली. म्हणालो, "ती तुझी बाहेरची साठवण दाखव."

तिने विचारलं नाही का ते. दाखवली. मी विचारलं, दर वेळी बाहेर जाऊन बघायला वेळ किती जाईल? "बघून सांगते," म्हणाली, आणि खरंच मोजून सांगितलं. गिऱ्हाइकाच्या पापणीलासुद्धा कळणार नाही इतका.

"आणि दोघींनी एकदम हात घातला तर?"

"एका वेळी एकीलाच लिहिता येतं. दुसरी थांबते, मग आधी बघते."

दिवसभर दोघांनी बसून केलं. चारही प्रोसेसच्या पोटातली माझी कॅश मी माझ्या हाताने काढली. ओळी छान होत्या. आजही म्हणेन, छान होत्या. तिने विचारलं, "सर, जुना कोड बाजूला ठेवू का, लागलाच तर?"

बॅगेतल्या स्ट्रिपसारखा. "नको," म्हणालो. "पूस."

तिने चहा आणला. सामायिक कपांतलाच एक. कडेला खूण होती. ती वळल्यावर मी चहा माझ्या कपात ओतून घेतला. एका दिवसात माणूस किती बदलणार?

शुक्रवार, २९

गर्दीचा पहिला दिवस. सगळ्या गाड्या भरून गेल्या, एकाही ड्रायव्हरचा फोन नाही. मालक येऊन म्हणाले, "काय, कॅश वाटून झाली का?" आणि आपणच हसत गेले. बाहेरच्या कंपनीचं नाव काढलं नाही.

बाबा घरी आले. मला बाहेरच्या बाहेर कळलं, हिच्याकडून.

संध्याकाळी धाकटीला फोन लावला. म्हणालो, मला त्या ग्रुपवर घे.

"कवळ्या बघाव्या लागतील."

"बघतो."

मग म्हणाली, "उद्या सकाळी मला यायला जमणार नाही. किल्ली शेजारच्यांकडे ठेवते. फक्त डब्यातलं. दुसरं काही नाही."

"फक्त डब्यातलं," मी म्हणालो. तिने ते मला परत म्हणायला लावलं. म्हणालो.

शनिवार, ३०

बॅग घरीच ठेवून गेलो. हात मोकळे मोकळे वाटत होते.

बाबांचा चहा झाला. सकाळच्या खणातली प्रेशरची गोळी दिली, पाण्याचा पेला हातात दिला, त्यांनी मान मागे टाकून गिळली, पेल्याच्या तळाशी घोटभर उरलेलं पाणी मी कुंडीत ओतलं. मग पेपरातली मोठी अक्षरं त्यांना वाचून दाखवत बसलो. ते मधेच म्हणाले, "माझी सकाळची गोळी झाली का रे?"

झाली होती. मला पेला आठवत होता, कुंडी आठवत होती. उत्तर जिभेवर होतं.

"बघून सांगतो," म्हणालो आणि उठलो.

डब्याच्या झाकणावर कुणाच्या तरी अंगठ्याचा चिकट ठसा होता. तो पुसायला नॅपकिन नव्हता. त्याच जागी अंगठा ठेवून उघडलं. शनिवार, सकाळ. खण रिकामा.

"झाली, बाबा."